मांदेलीसोबत गेलेलं बी

शेवंतीनं त्या दिवशी लेकीचं बी चुकून विकलं.

विकलं तरी कसं म्हणायचं... मांदेलीच्या वाट्यासोबत फुकटच देऊन टाकलं. ठाण्यात बाळकुम नाक्यावर ती दुपारनंतर मासळी घेऊन बसायची, शेजारी बर्फाची पेटी. त्या पेटीच्या तळाशी, एका कोपऱ्यात, लेकीनं, मेघालीनं, छोटी पारदर्शक पिशवी ठेवलेली — आत ओलसर वाळू आणि वाळूत खसखशीहून जरासं मोठं, काळपट बी. घरातला फ्रिज म्हातारा झालेला, कधी गारठायचा तर कधी कोमट व्हायचा. पेटीत मात्र रोज ताजा बर्फ. शेवटचं गिऱ्हाईक म्हणालं, मावशी, लांब जायचंय, बर्फ जास्त टाका. शेवंतीनं दोन ओंजळी भरून बर्फ ओतला आणि त्यात ती पिशवीही गेली.

संध्याकाळी पेटी धुताना मेघालीला पिशवी कुठेच सापडेना.

"मना वाटलं बरफाचाच तुकरा," शेवंती म्हणाली. "हिरव्या कपऱ्यातला पोर व्हता. दवाखान्यात कामाला असंल. सभाव गोड हाय त्याचा."

"आई, मला त्याचा स्वभाव नकोय. माझं बी हवंय."

बी साधंसुधं नव्हतं. मेघालीला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या शीला मॅडम निवृत्त होऊन हिमाचलात पालमपूरला जाऊन राहिल्या होत्या. निवडुंगाचं वेड दोघींना सारखंच. बर्फाखालीही जिवंत राहणारी डोंगरी निवडुंगं असतात, ती मॅडमनी तिथे हौसेनं लावून पाहिली. पण पालमपूरच्या हिवाळ्यात थंडी असते आणि वर पाऊसही. दर हिवाळ्यात रोपं कुजून जायची. जगली ती दोनच, दगडी बांधाच्या फटीत. त्यांना फुलं आली, फळं धरली, आणि त्या फळांतलं सगळं बी मॅडमनी आपल्या लाडक्या विद्यार्थिनीला पाठवलं. ओला हिवाळा काढलेल्या रोपांची लेकरं कदाचित तो सोसतील, आणि त्यांनी सगळा बांध भरून जाईल, अशी त्यांची आशा. रुजायला ऊब लागते, ती ठाण्यात हवी तेवढी. पण रुजण्याआधी या बीला थंडीची एक लांब झोप लागते. ती झाल्याशिवाय ते डोळाच उघडत नाही. म्हणून तो बर्फ, ती पेटी.

आणि आता ते बी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात मांदेलीबरोबर पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मेघाली आईशेजारी पाट टाकून बसली. हिरवा शर्ट दिसला की मान उंचवायची. त्या दिवशी तो आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ती हताश होऊन उठतच होती, तर एक स्कूटर येऊन थांबली. हिरवे कपडे, आणि खांद्याला पट्ट्यानं अडकवलेला निळा डबा, लस नेतात तसला.

"मावशी, मांदेलीतून हे आलेलं," तो म्हणाला. "तुमचंच का?"

त्यानं सगळं सांगितलं. त्याचं नाव यज्ञेश तोरस्कर. कोलशेतच्या एका हॉस्पिटलात नर्स. राहायला डोंबिवलीत कोपरला, त्यामुळे रोज या नाक्यावरून, पुढे माणकोलीच्या नव्या पुलावरून घरी जायचा. आईनं मासे ताटात ओतले तेव्हा पिशवी निघाली. त्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: उघडू नये, मेघाली. आई घाबरली. कुणाची तरी करणी आहे, खाडीत टाकून ये म्हणाली. पण बर्फातून आलेली वस्तू बर्फातच ठेवायची, हे यज्ञेशला नोकरीनं शिकवलेलं. मध्येच त्याची कामाची पाळी बदलली, मासळीच्या वेळी नाक्यावर येणं जमेना, आणि तो हा डबा रोज बर्फ भरून घरून हॉस्पिटलात आणि हॉस्पिटलातून घरी वागवत राहिला.

मेघालीनं हात पुढे केला. "द्या."

"मेघाली तुम्हीच?"

"हो. द्या ना."

"देतो. आधी आत काय आहे ते सांगा. तीन दिवस डोक्यात तेच चाललंय."

"वर लिहिलेलं वाचलं नाही का? उघडू नये."

"वाचलं, म्हणून तर उघडलं नाही. पण विचारू नये, असं कुठे लिहिलंय?"

मेघालीला हसू यायला नको होतं, पण आलं. "निवडुंगाचं बी आहे," ती म्हणाली. "झोपलंय ते."

"असं होय..." त्यानं लगेच आवाज खाली आणला, अगदी कानगोष्ट करावी इतका. "मग उठलं की मला कळवा."

शेवंतीनं त्या दिवशी त्याच्या वाट्यात दोन बोंबील जास्त टाकले. मेघालीनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

बी पेरायची वेळ झाली तेव्हा थंडी सरली होती. यज्ञेशला कळवायचं की नाही, यावर मेघालीनं बराच विचार केला, आणि कळवल्यावर तो इतक्या लवकर हजर झाला की विचार करण्यात वेळ घालवला असंच तिला वाटलं. बाळकुम गावठाणातलं त्यांचं घर एकमजली, वर मोकळी गच्ची. चहूबाजूंनी उंच टॉवर उठलेले आणि मध्ये ही गच्ची, सगळी काट्यांनी भरलेली. यज्ञेश दारातच थबकला.

"इथे चालायचं कसं?" त्यानं विचारलं.

"जपून. आणि कुणाच्या अंगाला हात न लावता."

"म्हणजे माझ्या वॉर्डसारखंच."

तो गॉझचे तुकडे आणि बारीक चिमटा घेऊन आलेला. उकळून गार केलेलं पाणी त्यानं स्वतःच्या हातानं गाळलं. मेघालीनं जाड वाळू, दगडाची बारीक कच आणि थोडी माती कालवून ट्रे भरले. मग दोघं डोकं वाकवून एकेक दाणा ठेवत बसले. त्याचे हात मोठे होते, पण चिमट्यातून दाणा असा अलगद सुटायचा की मेघाली आपलं काम विसरून तिकडेच बघत राहायची. एकदा त्यानं मान वर केली आणि ती सापडली.

"काय चुकलं का?"

"नाही... बरोबर आहे."

"मग असं तपासनिसासारखं बघू नका ना. हात थरथरतो."

"नर्सचा हात थरथरतो?"

"एरवी नाही," तो म्हणाला, आणि पुन्हा ट्रेकडे बघू लागला. कान मात्र लाल झाले होते.

पिशवीच्या तळाशी उरलेली वाळू, त्यात चुकून राहिलेलं बी असेलही नसेलही, मेघालीनं कठड्याला तिरक्या टेकवलेल्या जुन्या कौलात झटकून टाकली. त्या कौलात नुसती दगडाची कच होती. त्या दिवसानंतर तिकडे तिचं लक्षही गेलं नाही.

बी रुजायला वेळ घेणार, हे तिनं यज्ञेशला सांगितलं होतं. तरी तो घरी जाताना एक दिवसाआड नाक्यावर स्कूटर थांबवायचा. आज काही? नाही. आज? अजून नाही. हळूहळू त्या विचारण्यातली बीची चौकशी कमी होत गेली आणि बाकीचंच वाढत गेलं. वॉर्डातले आजोबा त्याला रोज नव्या नावानं हाक मारतात ते, त्याला पोहता येत नाही ते, कोपरच्या गॅलरीतून खाडीवरचे बगळे दिसतात ते. मेघाली ऑनलाइन रोपं विकायची, त्यातल्या गमतीजमती ती सांगायची. शेवंती कोयता चालवत ऐकायची आणि मध्येच, गिऱ्हाईक उभा हाय गो, म्हणून भानावर आणायची.

आणि एका सकाळी ट्रेमध्ये हिरवे ठिपके दिसले. टाचणीच्या डोक्याएवढे, काचेचे असावेत तसे. मेघालीनं फोन लावला, तेव्हा यज्ञेश ड्यूटीवर होता.

"उठलं," ती हळूच म्हणाली.

मग तोही तितक्याच हळू म्हणाला, "किती गोड बोलतेस गं तू... असं, हळू."

तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही कळलं. दोघांनीही तो विषय काढला नाही.

पावसाळा लागला तोवर रोपं मुगाएवढी झाली होती, प्रत्येकाच्या डोक्यावर पांढऱ्या काट्यांचा इवलासा झुपका. मेघालीनं ट्रेवर बांबूचा सांगाडा करून प्लास्टिक ताणलं. पाणी वरून पडायला नको, वारा मात्र बाजूंनी खेळायला हवा. यज्ञेशनं गाठी मारल्या. पावसाच्या झडीत दोघं त्या प्लास्टिकखाली उकिडवे बसून रोपं न्याहाळायचे, आणि खांद्याला खांदा लागला तर दोघंही सरकायची जागा नाही असं दाखवायचे. जागा होती.

ऑगस्टात कल्याणला रोपांचं प्रदर्शन होतं. मेघालीनं तिथे टेबल घेतलेलं. त्याच दिवशी पावसानं रंग दाखवला. दुपारपर्यंत रूळ पाण्याखाली, रस्ते बंद, आणि मेघाली कल्याणच्या मामीकडे अडकली. इकडे वाऱ्यानं प्लास्टिक फाडलं. शेवंतीचे गुडघे जिन्यावर चढू देईनात. तिनं यज्ञेशला फोन केला. पाळी संपली तसा तो गुडघाभर पाण्यातून चालत बाळकुमला आला, ट्रे एकेक करून खाली आणले, आणि संध्याकाळी मेघालीला फोनवर सांगितलं — सगळी आत आहेत, सुरक्षित. तिला इतकं हायसं वाटलं की पुढे काही विचारायचं सुचलंच नाही.

पाणी ओसरून ती घरी पोचेपर्यंत दोन दिवस गेले. ट्रे कुठे आहेत विचारलं, तर शेवंतीनं माशांचे थर्माकोलचे खोके दाखवले. झाकणं घट्ट बसवलेली. पावसाचा थेंब आत जाऊ नये म्हणून यज्ञेशनं त्यावर चिकटपट्टीही लावलेली.

मेघालीनं झाकण उघडलं. आतून कोमट, कुबट वाफ आली. रोपं काचेसारखी पारदर्शक झाली होती. बोटानं स्पर्श केला तर पाणी होऊन पसरली. दुसरा खोका तसाच. तिसराही.

यज्ञेश त्याच वेळी दारात आला. तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचं हसू तिथेच मावळलं.

"भिजलेली रोपं बंद खोक्यात ठेवलीत तुम्ही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि तेच जास्त लागत होतं. "हवा नाही, उजेड नाही. एक फोन करून विचारायचं तरी. पेशंटची पण अशीच काळजी घेता का?"

तो खोक्यांकडे बघत राहिला, मग मान हलवली, जणू तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यालाही हवं होतं. चपला घातल्या आणि गेला. तुम्ही म्हटलेलं तिला नंतर आठवलं. तोंडून गेलेलं होतं.

त्यानंतर तो नाक्यावर थांबेनासा झाला. शेवंती रोज त्याच्या वेळेला मांदेलीचा एक वाटा बाजूला काढायची आणि अंधारलं की विकून टाकायची. लेकीला ती एका शब्दानं बोलली नाही. मेघालीनं शीला मॅडमना कळवायचं आज उद्यावर ढकललं. काय सांगणार... की तुमचं सगळं बी माझ्या घरी कुजलं?

पाऊस थोडा उघडला तेव्हा ती गच्ची झाडायला गेली. फाटलेलं प्लास्टिक, मोडलेले बांबू गोळा करत कठड्यापाशी आली आणि थांबली. तिरक्या कौलात, दगडाच्या कचेत, काहीतरी हिरवं होतं. ती गुडघ्यांवर बसली. एक रोप. बाजूला दुसरं. आणखी तीन, चार... तिनं डोळे पुसून पुन्हा पाहिलं. तो धो धो पाऊस या रोपांनी उघड्यावर झेलला होता, आणि ती टणक, घट्ट, ट्रेमधल्यांपेक्षाही जाडजूड होती. पाणी वरून पडलं आणि उतारावरून, कचेतून निघून गेलं. मुळाशी थांबलंच नाही.

तिनं मॅडमना फोटो पाठवला आणि मग धीर करून सगळं सांगितलं. शीला मॅडम फोनवर बराच वेळ हसत होत्या. म्हणाल्या, मीसुद्धा इतके हिवाळे पावसालाच शिव्या देत होते. बांधाच्या फटीत ती दोन रोपं कशी जगली, ते आता कळलं. थंडी नाही, पाऊसही नाही, साचलेली ओल मारते यांना. मग त्यांनी मेघालीला पुढल्या हिवाळ्याआधी पालमपूरला बोलावलं. ही लेकरं घेऊन ये, आपल्या हातानं बांधात लाव, आणि एक हिवाळा राहून त्यांच्यावर लक्ष ठेव.

मेघाली नाचतच खाली आली. कौलातली रोपं जगली म्हणून आईला सांगितलं.

"जगतील नाय तं काय," शेवंती म्हणाली. "गच्चीचं पाणी काढलं ना त्यानं."

"कुणी?"

"तुज्या यज्ञेशनी. गच्चीचा पाईप तुंबला व्हता पाल्यानी. पार तलाव झाला व्हता वर. ट्रे आणले नि परत वर गेला. पाईपात खांद्यापरीत हात घालून बसला, काळोख परेपरीत. हात सोलला सगला. मी बोलली सोर आता, तं बोलतं, मेघालीची बाकीची झारां बुरतील."

मेघाली पायरीवर बसली. कौल कठड्याच्या पायथ्याशी होतं. गच्चीत पाणी चढलं असतं, तर त्या रोपांचं काय झालं असतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"आई, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू इचारलंस कवा?"

त्या रविवारी मेघाली कोपरला गेली. पत्ता शेवंतीनंच दिला, तो तिच्याकडे कसा आला ते विचारायला वेळ नव्हता. दार यज्ञेशच्या आईनं उघडलं. गोरी, ठेंगणी, डोळ्यांत भोचक कुतूहल. नाव ऐकताच त्या म्हणाल्या, म्हणजे करणीवाली. आणि मग खळखळून हसून तिला आत घेतलं, समोर घावने आणि चहा ठेवला, आणि मुलगा आतल्या खोलीत शर्ट बदलतोय तो का, हेही सांगून टाकलं.

यज्ञेश बाहेर आला. उजव्या हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंत खपल्या धरलेल्या ओरखड्यांच्या रेघा. मेघालीनं त्या पाहिल्या. त्यानं हात मागे घेतला.

घरात बोलणं शक्य नव्हतं, त्याची आई भिंतीपलीकडे भांडी न वाजवता भांडी घासत होती. दोघं खाडीच्या बाजूला चालत गेले. पाऊस असा पडत होता की छत्री उघडावी तर उगाच वाटावं आणि मिटावी तर भिजावं. एकच छत्री होती, तिची. ती यज्ञेशनं धरली, आणि सगळी तिच्याकडे झुकवली.

"मी माफी मागायला आले नाही," ती म्हणाली. "म्हणजे... आलेय. पण तेवढ्यासाठी नाही."

"माफी मी मागायला हवी. खोके मी बंद केलेले."

"आणि पाईप मोकळा केला, तो? तो का नाही सांगितलास?"

"काय सांगणार... इतकी मारली, पण चार वाचवली असतील, असं?" त्यानं पाण्याकडे पाहिलं. "ते पेशंटचं बोललीस ना, ते रोज डोक्यात येतं. चूक नव्हतं. मी घाबरलो की सगळं गुंडाळून, झाकून ठेवतो. काहीही."

"काहीही?"

छत्रीवरून पाणी त्याच्या खांद्यावर गळत होतं आणि त्याला पत्ता नव्हता.

मेघालीनं त्याला कौलातल्या रोपांचं सांगितलं, मॅडमच्या फोनचं सांगितलं. पुढल्या हिवाळ्यात पालमपूरला जायचंय, मार्चपर्यंत तिथेच राहायचंय, म्हणाली. त्याचा चेहरा आधी उजळला आणि मग हळूहळू शांत होत गेला.

"जा तू," तो म्हणाला. "नक्की जा. तुझ्या आईकडे मी बघेन, त्यांच्या गुडघ्यांचं पण. तू काळजी करू नकोस."

"जाऊ की नको, हे मी विचारत नाहीये."

"मग?"

"तू येशील का, ते विचारतेय."

"मी..." तो अडखळला. "रजा मिळेल थोडी. पण मेघाली, तिथे मॅडम असणार, लोक असणार. कोण म्हणून येऊ?"

"तेच ठरवायला तर आलेय ना एवढ्या लांब," ती म्हणाली. तिनं नजर हटवली नाही. "मला तू आवडतोस, यज्ञेश. रोपं जगली नसती, तरी हे सांगायला मी आलेच असते. थोडी उशिरा आले असते, इतकंच. माझ्याशी लग्न करशील?"

खाडीतून वाऱ्याची एक झुळूक आली. मग त्यानं छत्री खाली केली, सरळ मिटलीच, आणि तो ओरखड्यांचा हात तिच्यापुढे धरला.

"नाडी बघ," तो म्हणाला.

"काय?"

"बघ तर. तोंडानं सांगायला जमत नाहीये मला."

तिनं मनगटावर बोटं ठेवली. चुकीच्या जागी. त्यानं दुसऱ्या हातानं तिची बोटं उचलून अंगठ्याच्या खाली, जिथे ठेवायची तिथे अलगद ठेवली. बोटांखाली काहीतरी वेड्यासारखं धावत होतं. पाऊस आता नीट पडू लागला होता, तिच्या केसांतून, त्याच्या पापण्यांवरून.

"किती?" त्यानं विचारलं.

"मोजताच येत नाहीये... फार जोरात आहे."

"मग नको मोजूस," यज्ञेश म्हणाला. "हात तेवढा सोडू नकोस."

तिनं सोडला नाही. दोघं तसेच चिंब भिजत घराकडे वळले, आणि गॅलरीत उभ्या असलेल्या त्याच्या आईनं लांबूनच ते पाहिलं आणि कपाटातून दोन कोरडे टॉवेल काढून ठेवले.